मागच्या डब्यातला मूळ फोटो

"कनेक्शन नाकारलं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कॉम्प्युटरने मला एवढंच ऐकवलं आणि खाली ओके म्हणायला एक बटण दिलं. कसलं डोंबलाचं ओके? कुणी नाकारलं, का नाकारलं, काही पत्ता नाही. मी ओके दाबलं, परत फोल्डरवर क्लिक केलं. चक्र गोल गोल फिरलं आणि परत तेच. माझ्या टेबलापाशी एक माणूस उभा होता. त्याचे वडील आदल्या संध्याकाळपासून सापडत नव्हते आणि त्यांचा खरा फोटो त्या फोल्डरमध्ये होता.

काळेवाडीत आमचं फोटोचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं. शेठ मूळचे रहाटणीचे, जिथे त्यांच्या घरची शेतं होती तिथे आता सोसायट्यांची पार्किंगं आहेत. मी तिथे फोटो काढते, डिझाइन करते, आणि दिवसभर कुणा ना कुणावर वैतागते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर किती भाऊंचे किती फोटो बसवायचे याला काही मर्यादा असते, पण ती गिऱ्हाइकाला सांगायची सोय नाही.

पासपोर्ट फोटोचंही तसंच. आमच्याकडे पासपोर्ट फोटो काढायचा म्हणजे माणूस आहे तसा काढायचा नसतो. भिंतीवर खिळ्याला दुकानाचा काळा कोट टांगलेला आहे, पाठीत उसवलेला, म्हणजे बारक्यालाही बसतो आणि जाड्यालाही. तो चढवायचा, केस पाणी लावून चापून बसवायचे. मग मी कॉम्प्युटरवर गाल उजळते, सुरकुत्या पुसते, डोळ्यांखालचं काळं घालवते आणि मागे निळा रंग भरते. नाही केलं तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. ताई, जरा गोरं करा ना. नवरदेवापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना गोरं व्हायचं असतं. कुणाकुणाशी डोकं लावणार, करते मी गोरं.

कॅमेऱ्यातून आलेला मूळ फोटो मात्र आम्ही पुसत नाही. तो मागच्या खोलीतल्या डब्यात जातो. डबा म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड, नुसता फोटो सांभाळत बसलेला असतो. मी माझ्या टेबलावरूनच, नेटवर्कवरून, त्याचं फोल्डर उघडते, लागेल तो फोटो घेते आणि नटवलेला फोटो माझ्याकडे ठेवते. पूर्वी माझ्या मशीनवर विंडोज होतं, पण गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस यायचे की एका रविवारी शेठच्या भाच्याने सगळं पुसून लिनक्स टाकलं. भाचा हिंजवडीला आयटीत आहे. त्याने स्क्रीनवर डब्याच्या फोल्डरचं चिन्ह ठेवलं आणि म्हणाला, "ताई, आता तुमची डोकेदुखी संपली." त्यानंतर तो दुकानात फिरकलेला नाही.

तर त्या सकाळी हा माणूस आला. तिशीतला, मराठवाड्यातला, पूर्वी आमच्या मागच्याच गल्लीत भाड्याने राहायचा. चाकणला एका कंपनीत लागल्यावर कुरुळीला खोली घेतली. आई वारल्यावर त्याने वडिलांना गावाकडून आणलं होतं. दादा म्हणतो तो त्यांना. दादांची स्मरणशक्ती हळूहळू जात चालली होती. पोराला कधी ओळखायचे, कधी "पाव्हणं कुठलं" म्हणून विचारायचे. दसऱ्याच्या संध्याकाळी हा ड्यूटीवरून येऊन अंघोळीला गेला, तेवढ्यात दादा आपट्याची पानं खिशात भरून बाहेर पडले. गावात असल्यासारखे सोनं वाटायला निघाले असणार. ते परत आलेच नाहीत.

"रात्रभर शोधलो ताई. चौकीत सांगितलो," तो म्हणाला. डोळे लाल, शर्ट तसाच कालचा. "हा फोटो घेऊन सगळ्या कंपन्यांच्या गेटवर फिरलो. सगळे म्हणायलेत, असा साहेब इकडं नाही आला."

त्याने पाकिटातून फोटो काढला. माझंच काम. बँकेसाठी पासपोर्ट फोटो हवा होता म्हणून तोच दादांना घेऊन आला होता. काळा कोट, तुळतुळीत गाल, चापून बसवलेले केस, निळी पाठ. मी दादांना एखादा रिटायर झालेला मॅनेजर करून टाकलं होतं. प्रत्यक्षात ते कसे होते ते मला पक्कं आठवत होतं. डोक्याला पांढरा फेटा, उन्हाने रापलेला चेहरा, पांढरे खुंट, डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक. फेटा काढायला तयार नव्हते, म्हणून पहिला फोटो मी फेट्यासकटच काढला होता. मग पोराने हात जोडून जोडून तो उतरवायला लावला होता.

"दुसरा फोटो नाही का मोबाइलमध्ये?" मी विचारलं.

"जुन्या मोबाइलमध्ये होते. तो कंपनीत मशीन थंड करायच्या कूलंटच्या पाण्यात पडला. गावाकडं आता घर बंद आहे, कुणाला मागू?"

"थांबा, मूळ फोटो आहे आपल्याकडे. एका मिनिटात देते," मी म्हणाले. त्या एका मिनिटाचं पुढे काय झालं ते विचारू नका.

कनेक्शन नाकारलं. मी मशीन बंद करून चालू केलं. नाकारलं. मागे जाऊन केबल काढून घट्ट बसवली. डब्याचे हिरवे दिवे छान लुकलुकत होते, आणि डब्याला झेंडूचा हार, वर नारळ, कपाळाला हळदीकुंकू. आदल्या दिवशी मी दुकानात नव्हते. आमच्याकडे तो दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा, सगळं घर देहूरोडला बुद्धविहारात जातं. त्यामुळे इथे पूजेत काय हललं, काय उचललं, मला काही कल्पना नव्हती.

"शेठ, काल डब्याला कुणी हात लावला?"

"पूजेला लावला की. दुसरं काय न्हाई केलं," शेठ गल्ल्यावरून म्हणाले. त्यांचं अर्धं लक्ष नव्या मोबाइलवर होतं. "बंद करून चालू कर, व्हईल."

केलं ना बंद करून चालू. या शेठचा सगळ्या जगावर एकच इलाज आहे.

मग मला एक वाट दिसली. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी असते, शेजारी टिकलीएवढं चित्र. दादांचं चित्र त्यात होतं. पांढरा फेटा आणि खाली गव्हाळ रंगाचा ठिपका. पोराने ते पाहिलं आणि टेबलावर वाकून म्हणाला, "हेच ताई. हेच आमचे दादा."

मी क्लिक केलं. फाइल अस्तित्वात नाही.

अरे, अस्तित्वात नाही तर दाखवतोयस कशाला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते टिकलीएवढं चित्र मोठं करून पाहिलं तर नुसते चौकोन दिसायला लागले, त्यात नाक कुठे आणि डोळा कुठे काही कळेना. पोरगा त्या चौकोनांकडेच बघत राहिला. मला ते बघवेना, मी स्क्रीनवरची ती खिडकी बंद केली.

इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. फ्लेक्सचं मशीन चालू होतं. पासवर्ड परत घालून पाहावा म्हटलं, तर तो विचारायच्या आधीच नकार. शेवटी गल्ल्यावरची स्क्रीन उचलून मागे नेली, म्हटलं थेट डब्यालाच जोडते. स्क्रीनची पिन एका जातीची, डब्याचं भोक दुसऱ्या जातीचं. शेठच्या हिशोबाची स्क्रीन मी पोटाशी धरून मागच्या खोलीत उभी, आणि शेठ मागून म्हणतात, "अगं सांभाळ, पडंल." मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

भाच्याला फोन लावला. उचलला, पण आवाज दबका. मीटिंगमध्ये होता. त्याने घाईघाईने सांगितलं ते असं. स्क्रीनवरचं ते चिन्ह म्हणजे डब्याचा नंबर आहे. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो, आणि माझं मशीन त्या नंबरावर जाऊन फोल्डर मागतं. टर्मिनल नावाची एक काळी खिडकी उघडायची, एक शब्द आणि तो नंबर टाइप करायचा. नंबर जागा असेल तर ओळीमागून ओळ उत्तर येत राहतं.

मी टाइप केलं. उत्तर यायला लागलं, एकामागून एक, शिस्तीत.

"मग डबा जिवंत आहे ताई. फक्त रीस्टार्ट करा," भाचा म्हणाला आणि फोन ठेवला. मामावर गेलाय.

मी मागे निघाले तसे शेठ उठले. "पूजा हलवायची न्हाई अजून. मी उतरवतो दुपारच्याला, रीतीनं."

"शेठ, त्या पोराचा बाप हरवलाय."

शेठनी पोराकडे पाहिलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, हातात तोच कोटातला फोटो. शेठ माझ्या पुढे मागच्या खोलीत गेले, डब्याला नमस्कार केला, नारळ आणि हार उतरवून देवळीत ठेवले आणि म्हणाले, "घे. कर काय करायचं ते."

डब्याचं बटण दाबलं तर ते हळदीकुंकवाने चिकटलेलं. शेवटी सरळ प्लगच उपटला. हिरवे दिवे विझले. म्हटलं जरा थंड होऊ दे, तोवर माझ्या जागेवर आले, तर काळ्या खिडकीत उत्तर येतच होतं. ओळीमागून ओळ.

मी परत मागे जाऊन पाहिलं. प्लग माझ्या हाताने काढलेला, जमिनीवर पडलेला. दिवा एकही नाही. परत पुढे आले. उत्तर चालूच.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मग राग आला. म्हणजे सकाळपासून मी ज्याच्या विनवण्या करतेय तो डबा नाहीच. भलताच कुणीतरी डब्याचा नंबर लावून बसलाय, मी फोटो मागते आणि तो मला नाकारतोय. पण कोण? दुकानात होती तेवढी यंत्रं मी एकेक करून बंद केली. फ्लेक्सचं मशीन बंद केलं तर शेठ कळवळले, पण उत्तर येतच राहिलं. हिशोबाचं बंद केलं. माझा मोबाइल बंद केला, पोराचाही केला. काही उपयोग नाही. मी हात टेकले.

तेवढ्यात शेठना कुणाचा तरी फोन आला. दुकानात रेंज धड नसते, म्हणून ते बोलत बोलत रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत गेले. काळ्या खिडकीतल्या ओळी थांबल्या.

मी बघत राहिले. काही नाही. शेठ बोलणं संपवून रस्ता ओलांडून आले, पायरी चढले, गल्ल्यावर बसले. ओळी सुरू झाल्या.

"शेठ, जरा परत बाहेर जा बरं."

"का गं?"

"जा म्हणते ना. टपरीपर्यंत."

शेठ गेले. ओळी थांबल्या. मी हाताने खुणावलं, शेठ आले. ओळी सुरू. पायरीवरचा पोरगा उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला. मी शेठना परत जायला सांगितलं तेव्हा मात्र ते चिडले. "मी काय बैल हाय व्हय, हाकायला?"

"तो मोबाइल इकडे द्या," मी म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. मोबाइल दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेला. त्याच दिवशी दुकानात पूजा. आमच्या शेठची रीत अशी, की पूजा झाली की त्या दिवशी कुठल्याच यंत्राला काम लावायचं नाही, आणि कुणाला मोह होऊ नये म्हणून ते मेन स्विचच पाडतात. यंत्रांना ते नंबर वाटणारा, एरवी रात्रंदिवस चालणारा वायफायचा राउटर त्यामुळे बंद पडला, आणि बंद पडला की तो आधीचं सगळं विसरतो. सकाळी चालू झाला तेव्हा दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखा, जो आधी येईल त्याला पहिला नंबर. दर वर्षी दुकान उघडलं की पहिल्यांदा डबा चालू होतो, म्हणून पहिला नंबर कायम डब्याचा. या वर्षी शेठनी मेन स्विच लावला आणि सगळ्यात आधी नवा मोबाइल वायफायला जोडला. मग निवांत उदबत्ती ओवाळली, आणि मग भिंतीवरचा स्विच लावून डबा चालू केला. डब्याला भलताच कुठला तरी नंबर मिळाला. डब्याचा नंबर शेठच्या खिशात, आणि मी सकाळपासून शेठच्या खिशाकडे दादांचा फोटो मागत होते.

"म्हंजे मी नाकारलं व्हय?" शेठ म्हणाले.

"तुम्हीच. दुसरं कोण."

त्यांनी मोबाइलचं वायफाय स्वतःच बंद केलं आणि मोबाइल गल्ल्याच्या खणात टाकला. मी राउटर बंद केला, परत लावला, सगळ्यात आधी डब्याचा प्लग बसवला. हिरवे दिवे आले. चिन्हावर क्लिक केलं. चक्र फिरलं, आणि फोल्डर उघडलं.

दादांचा फोटो स्क्रीनभर आला. पांढरा फेटा, त्याचा शेमला खांद्यावर. कपाळावर आठ्या, रापलेले गाल, पांढरे खुंट, बारीक डावा डोळा. ते कॅमेऱ्याकडे बघतच नव्हते. बाजूला उभ्या असलेल्या पोराकडे बघत होते, जरा रागावून, हा फेटा का काढायला लावतोय म्हणून. पोराने तोंडावर हात घेतला आणि तो स्क्रीनकडे पाठ करून उभा राहिला. मी रंगाला हात लावला नाही, सुरकुतीला हात लावला नाही, होता तसा फोटो घेतला, खाली त्याचा मोबाइल नंबर टाकला आणि छापायला सोडला. तोच फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवला. त्याने तो कंपनीतल्या पोरांच्या ग्रुपवर टाकला. शेठनी खणातून मोबाइल काढून त्यांच्या भजनी मंडळापासून रिक्षा स्टँडपर्यंत जेवढे ग्रुप होते तेवढ्यांवर टाकला. मोबाइलचा डेटा वापरला, वायफायला हात लावला नाही.

पोरगा कागदांचा गठ्ठा घेऊन गाडीवर कुरुळीकडे गेला. मी गिऱ्हाइकांची कामं करायला बसले, पण लक्ष लागेना. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भलत्याच माणसाचा फोटो बसवला, तो शेठनीच पकडला. ते रागावले नाहीत. दर थोड्या वेळाने विचारत होते, "आला का फोन?"

फोन दुपारी आला. दादा सापडले होते. एका कंपनीच्या पार्किंगमागे, कंत्राटी कामगारांच्या शेडमध्ये बसले होते. तिथल्या पोरांनी त्यांना चहा-बिस्कीट दिलं होतं, कुठले विचारलं होतं, आणि दादांनी गावाचं नाव सांगितलं होतं, जे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने ग्रुपवर फोटो बघितला आणि फोन केला. "हे फेटेवाले बाबा? हे तर काल रात्रीपासून इथंच आहेत. सगळ्या शिफ्टला सोनं वाटलं त्यांनी."

"त्याच गेटवर मी पहाटं गेलतो ताई," पोरगा फोनवर म्हणाला. "त्याच माणसाला फोटो दाखवलो होतो. तो म्हणला, असा साहेब नाही आला." मी म्हणाले, आधी त्यांना जेवायला घाला.

दुसऱ्या दिवशी तो दादांना गाडीवर मागे बसवून दुकानात घेऊन आला. शेठनी खुर्ची दिली. दादा बसले, आजूबाजूला बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओळख काही दिसली नाही. खिशातून चुरगळलेलं आपट्याचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं आणि सोन्यासारखं राहा म्हणाले. शेठनाही दिलं, आणि पोरालाही दिलं, परक्या माणसाला द्यावं तसं. पोराने वाकून पाया पडून घेतलं.

आमच्या दाराच्या काचेला तो छापलेला कागद अजून चिकटवलेला होता. मी तो काढायला उठले, तर दादाही उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि कागदावर बोट ठेवलं.

"ह्यो मी हाय," ते म्हणाले.

"होय दादा," पोरगा पुढे आला. "तुम्हीच आहात."

दादांनी फेट्यावरून बोट फिरवलं, आपल्या डोक्यावरच्या फेट्याला हात लावून बघितला, आणि खूश होऊन मान हलवली. पोरगा पाकीट उघडून उभा होता, वडिलांच्या नावगावाची चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवायला काढत होता. त्या चिठ्ठीमागे तो कोटातला फोटो होता. दादांना तो दिसला. त्यांनी तो हातात घेतला, उजेडाला धरला, बराच वेळ बघितला.

"अन् ह्यो कोन?"

पोराने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कोटाकडे बघत होते.

"कुणी नाही, दादा," तो म्हणाला आणि फोटो माझ्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.